मोटरहोमची खिडकी अर्ध्यात अडकते – जोर लावू की नको?

उनाड_चाक

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बारा वर्षांची, आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली. एकूण सहा खिडक्या. चार सरकत्या, ॲल्युमिनियमची चौकट आणि काचेचं तावदान. पलंगाशेजारची ॲक्रिलिकची (पारदर्शक प्लॅस्टिक), खालून बाहेर ढकलून उघडायची. आणि मागे लाल दांड्याची, संकटात बाहेर पडायला असते ती.

डोकेदुखी आहे बसायच्या जागेजवळच्या मोठ्या सरकत्या खिडकीची. सुरुवातीला चार बोटं छान सरकते आणि मग गपकन थांबते. पुढे न्यायची तर एक पाय बाकाला टेकवून दोन्ही हातांनी ओढावी लागते. मग किंचाळत, झटके देत जाते. बंद करतानाही तीच कुस्ती. गेल्या आठवड्यात या भानगडीत खटक्याचं प्लॅस्टिक तुटून हातात आलं.

खाचेत गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारून झालाय. दोन दिवस लोण्यासारखी चालली, तिसऱ्या दिवसापासून आधीपेक्षा वाईट. बायकोचं म्हणणं, मोठा स्क्रूड्रायव्हर घालून एकदाची उचकटून बघू. मी म्हटलं, थांब, आधी धागा काढतो.

पाना_नंबर_दहा

वहिनींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आधी काढून घ्या.

गाडीच्या खिडकीची काच बहुधा टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली असते. मधोमध थाप मारली तरी सोसते, पण कडेला धातूचं टोक लागलं की क्षणात अख्ख्या तावदानाचा चुरा. तडा वगैरे जातच नाही, सरळ खडीसाखर. कड हा तिचा एकमेव हळवा भाग आणि उचकटायला आपण नेमकी तीच धरतो. काही घालायचंच असेल तर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी.

दुसरं, ओढता कुठून? बहुतेक जण वरच्या खटक्याला धरून ओढतात. तावदान त्यामुळे तिरकं होतं आणि वर-खाली दोन्हीकडे रुतून बसतं. जुन्या टेबलाचा खण एकाच बाजूने ओढला की जसा आडवा होऊन अडकतो, तसंच हे. एक हात खालच्या खाचेजवळ उभ्या पट्टीवर, दुसरा मध्यावर, आणि दोन्हींनी सारखं ढकला. काचकामवाले वापरतात तसा रबरी शोषक मिळाला तर उत्तमच.

निवांत_नाना

स्प्रेला उगीच बदनाम करू नका. आमच्या गाडीला वीस वर्षं तोच मारतोय. अडकली की मारायचा, चालते.

पाना_नंबर_दहा

नाना, "अडकली की मारायचा" यातच उत्तर आलं की! वीस वर्षं दर मोसमात अडकतेच आहे ना?

निवांत_नाना

अडकते. मी मारतो. चालते. तुम्हाला काय त्रास?

गवाक्ष

नानांचा मान राखून सांगतो. त्या स्प्रेचं काम गंज सैल करणं आणि ओल हटवणं. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे तेलाचा चिकट थर राहतो. उघड्या बोल्टवर हरकत नाही. सरकत्या खिडकीच्या खाचेत मात्र बारीक लवेची फेल्टपट्टी असते. तेल प्यायलेली लव धूळ धरते, आणि तेल अधिक धूळ म्हणजे पॉलिशची पेस्ट. पहिले दोन दिवस लोणी, तिसऱ्या दिवशी चिखल. उनाडराव, तुमच्या वर्णनात हे अगदी जसंच्या तसं आलंय.

आता चिखल बाहेर काढणं आलं. मी असं करतो: आधी कोरड्या खाचेवरून व्हॅक्यूमचं अरुंद तोंड फिरवायचं. मग बांबूची काडी तासून चपटी करायची आणि कोपऱ्यांतली ढेकळं उकरायची. धातूचं काही नको, लव सोलून निघते. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासायचं, काळं पाणी फडक्याने टिपायचं आणि पुन्हा घासायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. माझ्या एका खिडकीला अकरा वेळा लागलं. त्यात एक आख्खी गांधीलमाशी, दोन झाडाच्या बिया आणि आधीच्या मालकाच्या कोणाची तरी केसांची पिन निघाली.

खालच्या खाचेला बाहेरच्या अंगाला बारीक चिरा असतात, पाणी निथळायच्या. त्या बघायला विसरू नका. साफसफाई झाली की खाचेत वाटीभर पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी बाहेर उभं करा. ओघळ लगेच दिसायला हवा. नाही दिसला तर चीर बुजलीय. त्याच पाण्याने पुढे शेवाळ धरतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते, आणि थंडीत बर्फ झाला तर खिडकी जागीच गोठते.

पांढरी भुकटी नायलॉनच्या घासणीने काढा, लोखंडी तारेच्या नको. तारेचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून राहतात आणि मग तेच गंजतात.

सगळं खडखडीत वाळल्यावर कोरडं राहणारं वंगण, सिलिकॉन किंवा पीटीएफई (नॉनस्टिक तव्यावर असतं ते). तेही फडक्यावर घेऊन पुसायचं. खाचेत फवारायचं नाही.

चिमणी

थांबा थांबा. "सिलिकॉन स्प्रे" एवढंच वाचून कोणी ॲक्रिलिकच्या खिडकीवर मारेल! डब्यात सिलिकॉनबरोबर द्रावकही असतो, तो ॲक्रिलिकला चालतो का हे डब्यावर वाचा. स्पिरिट, थिनर, ॲसिटोन, अमोनियावाला काच-क्लीनर यांतलं काहीही ॲक्रिलिकला लावायचं नाही. त्याच दिवशी काही दिसत नाही. महिन्याभराने उन्हात बघितलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. आम्ही एक तावदान असंच घालवलं, तेही निव्वळ चकाचक दिसावं म्हणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

उनाडराव, तुमची पलंगाशेजारची बाहेर उघडणारी आहे म्हणून सांगते. या खिडक्या बऱ्याचदा अडकलेल्या नसतातच, आपणच चुकीचं करत असतो. टेकूच्या दांड्यांत खटखट आवाज करणारे टप्पे असतात. एखाद्या टप्प्यावर थांबलेली खिडकी सरळ खाली ओढायची नसते. काही बनावटींत ती आधी पूर्ण वर न्यावी लागते, मगच टप्पा सुटतो आणि ती खाली येते. काहींत दांड्याला फिरवायची गोल घुंडी असते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी मला विचारायच्या आधी जोर केला आणि दांड्याचं टोक मोडलं.

खटकेही सगळे तपासा. मोठ्या खिडकीला तीन-चार असतात आणि प्रत्येकाला दोन खाचा, एक पूर्ण बंद आणि एक रात्री फट ठेवायला. तीन सोडले आणि चौथा अर्ध्या खाचेत राहिला, की माणूस अर्धा तास रबराला शिव्या घालत बसतो.

उनाड_चाक

चिमणीताई, चौथा खटका पडद्यामागे होता. ती खिडकी आता उघडतेय. घरात मी याबद्दल एक अक्षर बोललेलो नाही.

मोठ्या सरकत्या खिडकीची कथा वेगळी. गवाक्ष यांनी सांगितलं तसं अख्खा शनिवार घालवला. नऊ वेळा पाणी बदललं. दोन्ही चिरा बुजल्या होत्या, मोकळ्या झाल्या, पाण्याचा ओघळ बाहेर दिसला. कोरडं सिलिकॉन पुसलं. किंचाळणं बंद. पण चार बोटांवर थांबणं जसंच्या तसं! आधी किंचाळून अडायची, आता मुकाट्याने अडते.

दुपारी जरा जास्त घट्ट वाटते. उन्हाने प्रसरण होत असेल का?

पाना_नंबर_दहा

याचा हिशेब करता येतो. एक मीटर लांबी आणि ३० अंश सेल्सियसचा फरक धरा. काच वाढते जेमतेम पाव मिलिमीटर, ॲल्युमिनियम सुमारे ०.७ आणि ॲक्रिलिक दोनच्या थोडं वर. म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं ॲक्रिलिक उन्हात घट्ट होईल हे खरं. पण तुमच्या सरकत्या खिडकीत काच आहे. तापल्यावर चौकट काचेपेक्षा जास्त वाढते, तेव्हा खिडकी उलट सैल व्हायला हवी. दुपारी घट्ट वाटतेय ते बहुधा रबर मऊ होऊन काचेला चिकटतंय म्हणून. ते जोडीचं दुखणं, मूळ वेगळं आहे.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला नको. तुम्ही म्हणता "चार बोटं सरकते आणि थांबते". प्रत्येक वेळी तिथेच?

उनाड_चाक

प्रत्येक वेळी. डोळे मिटून सांगतो.

पाना_नंबर_दहा

मग ती घाण नव्हे. घाण इकडून तिकडे सरकते, अडायची जागा बदलते. एकाच जागी अडते म्हणजे तिथे चौकट आत आलीय.

एक करा. एक सरळ, हलकी लाकडी काठी घ्या. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्ये, कोपऱ्यात, सहज सरकेल पण डुगडुगणार नाही अशी कापा. मग ती उभी धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे हळूहळू न्या. टेपने मोजत बसू नका, टेप वाकते आणि दर वेळी वेगळं माप सांगते. काठी खोटं बोलत नाही. कुठे अडते ते बघा आणि तिथे रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावा. मग खिडकी सरकवून अडू द्या आणि तावदानाची पुढची कड कुठे येते ते पाहा.

आणि गाडी समतल उभी आहे ना? एक चाक खड्ड्यात असलं तरी काही गाड्यांचा सांगाडा पिळतो आणि खिडक्या आवळतात. आधी पाणसळ लावून गाडी सरळ करा, मग काठी.

मुक्कामपोस्ट

मध्येच घुसतोय, माफी. आमच्याकडे हँडल फिरवून उघडायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खिडक्या आहेत. हँडल फिरतं, पट्ट्या हलत नाहीत. हीच काठी चालेल का?

गवाक्ष

नाही. तुमचं दुखणं गिअरपेटीत आहे किंवा पट्ट्यांत, आधी ते वेगळं करा. पेटीचा हात जिथे पट्ट्यांच्या दांड्याला जोडलाय तिथली जोडणी सोडवा. मग पट्ट्या हाताने हलवून बघा. हलक्या हलल्या तर दोष पेटीत. जड असतील तर बिजागऱ्या साफ केल्याशिवाय नवी पेटी बसवू नका, तीही महिन्याभरात दात गमावेल. आत वर्म गिअर (आटे असलेला दांडा आणि त्याने फिरणारं दातेरी चाक) असतो, आणि अडलेल्या खिडकीवर हँडल पिळलं की दात खरवडले जातात. त्याही आधी हँडलचा बारीक स्क्रू बघा. तो सैल असला तर नुसतं हँडल दांड्यावर फिरतं आणि आपण नवी पेटी मागवून बसतो. दात शाबूत असतील तर पांढरं लिथियम ग्रीस, चिमूटभर.

उनाड_चाक

पानाभाऊ, तुम्ही इथे बसून गाडी बघताय का?

गाडी समतल केली. काठी केली. कोपऱ्यातून निघाली, मध्यापर्यंत सुखाने आली आणि मध्यापासून चार बोटं पुढे अडली. तिथे कागदी पट्टी लावली. खिडकी ढकलली, तर तावदानाची कड बरोब्बर त्या पट्टीपाशी! काठी तासून तासून तिथून पार केली, तेव्हा फरक निघाला ३ मिलिमीटर.

आता कबुलीजबाब. गेल्या वर्षी पावसात याच खिडकीच्या खालून पाणी आलं होतं. मी आतल्या पट्टीचे सगळे स्क्रू ड्रिल मशीनने आवळले. जिथून थेंब येत होता तिथला जरा जास्तच. तेव्हा गळती थांबली म्हणून मी फार खूश होतो. कागदी पट्टी लावलीय ती नेमकी त्या स्क्रूच्या वर.

पाना_नंबर_दहा

अहाहा. हे वाचायलाच मी धाग्यावर थांबलो होतो.

होतं असं. बाहेरून चौकटीची कड, आतून एक पट्टी, आणि दोघींमध्ये सँडविचसारखी गाडीची भिंत. स्क्रू आतल्या पट्टीतून बाहेरच्या चौकटीत जातात आणि भिंतीला चिमटीत धरतात. धरणं एवढंच त्यांचं काम, पाणी अडवणं नव्हे. पाणी अडवतो तो चौकटीच्या कडेखालचा ब्यूटाइलचा, म्हणजे चिकट रबरी लांबीचा मऊ थर. तो म्हातारा झाला की कडक होतो, भेगा पडतात आणि पाणी वाट काढतं. तुम्ही स्क्रू आवळून त्या मढ्याला थोडा वेळ दाबून धरलंत आणि ॲल्युमिनियम वाकवलंत. वर्षभर तुम्ही बिचाऱ्या तावदानाशी भांडताय.

आधी सगळे स्क्रू हाताने अर्धा-अर्धा फेरा सैल करा. मशीन कपाटात. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुन्हा काठी. ॲल्युमिनियम फार वाकलेलं नसेल तर आपसूक परत येतं. स्क्रू सोडवताना एखादा गरागरा फिरला किंवा शेजारची भिंत अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली, तर तिथेच थांबा आणि लिहा. पाणी आतल्या लाकडात मुरलं असेल तर ते काम खिडकीच्या पलीकडचं आहे.

उनाड_चाक

अर्धा फेरा सैल केले. भिंत टणक, स्क्रू घट्ट. सकाळी काठी तिथे जराशी घासत गेली, पण गेली. खिडकी दोन बोटांनी उघडली. मी ती पंधरा-वीस वेळा नुसतीच उघडली आणि लावली. शेवटी बायको म्हणाली, आता पुरे, झिजेल.

पण आता पाणी येणार ना?

पाना_नंबर_दहा

येणार. ब्यूटाइल नवं घालेपर्यंत पावसात गाडी काढायची तर वरून ताडपत्री.

खिडकी बाहेर काढायला दोन माणसं लागतात, एक आत स्क्रूंवर आणि एक बाहेर दोन्ही हात लावून. सगळे स्क्रू निघाले तरी जुना गोंद खिडकी धरून ठेवतो आणि मग अचानक सोडतो. बाहेर कोणी नसेल तर ती तोंडावर आपटते. जुना थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा. उरलेलं पुसायला मिनरल टर्पेंटाइन, आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात रंगावर तपासून. मग ब्यूटाइलची पट्टी कडेच्या आतून सलग, आणि जोड खालच्या बाजूला. वर जोड ठेवला तर पाण्याला आयतं दार मिळतं. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे, तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे. ब्यूटाइल कडेने सारखं बाहेर डोकावलं की थांबायचं. दोन-तीन दिवस ते बसत राहतं, मग एकदा हलक्या हाताने तपासायचं. आणि दर फेरीनंतर काठी! ती काठी फेकू नका.

चिमणी

आणि त्या लाल दांड्याच्या खिडकीचं काय? एवढ्या गप्पा झाल्या आणि ती अजून बंदच आहे. आग लागली आणि दाराकडची वाट बंद झाली तर बाहेर पडायला तीच. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी अग्निसुरक्षेचं जे एनएफपीए ११९२ मानक आहे त्यात दाराखेरीज दुसरी वाट ठेवणं सक्तीचं आहे, ते काय उगीच? माझ्या मते धाग्यात सगळ्यात आधी यायला हवी होती ती.

उनाड_चाक

खरंय ताई. आज हात घातला. दोन्ही लाल दांडे वर केले, ढकलली. भिंत ढकलावी तशी.

निवांत_नाना

यात मात्र माझं ऐका. स्प्रे नाही, घाबरू नका.

ती खिडकी वर्षानुवर्षं उघडलेलीच नसते, म्हणून रबर चौकटीला चिकटून एकजीव होतं. मासेमारीची नायलॉन दोरी घ्या किंवा दात साफ करायचा धागा. बाहेरून कडेच्या फटीत कोमट साबणपाणी सोडा, दहा मिनिटं थांबा. मग दोरी फटीत घालून करवतीसारखी मागेपुढे करत तिन्ही बाजूंनी न्या. वरची बाजू बिजागरीची, ती सोडा. रबर कापायचं नाही, फक्त सोडवायचं. दोरी जड झाली की आणखी पाणी. मग आतून खालच्या कडेला, दांड्यांच्या जवळ, तळवे सपाट ठेवून दाबायचं. धक्के नकोत, दाबून धरायचं. चर्र असा आवाज येतो आणि सुटते.

सुटली की सोडून देऊ नका. तावदान जड असतं आणि वरून लटकतं, बोटांवर येतं. आधीच एक टेकू जवळ ठेवा.

नंतर रबर साबणपाण्याने पुसून वाळवायचं आणि त्यावर टाल्कम पावडर. व्हॅसलीन लावू नका, या रबरांतली बरीचशी ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, पेट्रोलियमने फुगतात. आणि वर्षातून दोनदा तरी ती पूर्ण उघडायची. आमच्याकडे मोसमाच्या पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाला नातवंडं त्यातून बाहेर उतरतात. त्यांना वाटतं खेळ आहे.

गवाक्ष

नाना __/\__

उनाड_चाक

नाना, निघाली! चर्र आवाजासकट. रबराचा एक कोपरा फाटलाय, पट्टी बदलणार. पण बायको आणि मी दोघंही त्यातून उतरून बघितलं. ती सहज. मी नाही, माझ्यासाठी बाहेर स्टूल लागेल असं ठरलंय.

मोठी खिडकी पुढच्या रविवारी काढतोय, मेहुणा बाहेर उभा राहणार. तुटलेल्या खटक्याजागी तूर्त खाचेत लाकडाचा तुकडा टाकलाय, त्याच काठीचा उरलेला.

निवांत_नाना

पाना_नंबर_दहा, एक विचारायचं होतं. ती काठी कापताना माप कोपऱ्यातलं घ्यायचं ना? आणि दोन्ही कोपऱ्यांत फरक आला तर कोणतं धरायचं? सहज विचारतोय.